एन्क्रिप्टेड फाइली एका झिपमधून दुसऱ्या झिपमध्ये हलवताना एन्क्रिप्शनची माहिती शाबूत कशी ठेवावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका कार्यालयात दर महिन्याची पगारपत्रके झिप आर्काइव्हमध्ये ठेवली जातात आणि त्यातील प्रत्येक फाइल त्या त्या कर्मचाऱ्याच्या पासवर्डने एन्क्रिप्ट केलेली असते. वर्षअखेरीस बारा महिन्यांची आर्काइव्ह एकत्र करून एकच वार्षिक आर्काइव्ह तयार करायचे आहे. हे काम करणाऱ्याकडे पासवर्ड नाहीत, आणि ते असूही नयेत. म्हणून लिहिलेल्या स्क्रिप्टने फाइली न उलगडता आतले बाइट जसेच्या तसे हलवले. नव्या आर्काइव्हमध्ये मात्र काही फाइली ‘पासवर्ड चुकीचा’ असे सांगतात, काहींसाठी ‘९९ क्रमांकाची कॉम्प्रेशन पद्धत ओळखता येत नाही’ असा संदेश येतो, आणि काही फाइली उघडतात खऱ्या, पण आत निव्वळ अगम्य मजकूर निघतो. डेटा बिघडला का आणि हे काम बरोबर कसे करावे, असे विचारले आहे.

डेटा बहुधा बिघडलेला नाही. तो कसा वाचायचा हे सांगणारी माहिती वाटेत गळाली किंवा बदलली आहे, आणि आपण सांगितलेली तीन लक्षणे ही वेगवेगळ्या चुकांची आहेत. जुनी मासिक आर्काइव्ह आपल्याकडे असतील तर दुरुस्तीच्या मागे न लागता नव्याने, योग्य रीतीने प्रत करणे हेच श्रेयस्कर. दुरुस्तीबद्दल शेवटी लिहिले आहे, कारण मूळ आर्काइव्ह पुसून टाकलेली माणसेही हाच प्रश्न घेऊन येतात.

झिपमध्ये एका फाइलचे वर्णन दोन ठिकाणी असते. एक लोकल हेडर, जो त्या फाइलच्या डेटाच्या अगदी आधी असतो. त्यात ३० ठरावीक बाइट, मग नाव आणि मग ‘एक्स्ट्रा फील्ड’ म्हणून ओळखला जाणारा कमीजास्त लांबीचा भाग येतो. दुसरी आर्काइव्हच्या शेवटी असलेली सेंट्रल डिरेक्टरी, जिच्यात प्रत्येक फाइलची ४६ ठरावीक बाइटांची नोंद, पुन्हा नाव, पुन्हा एक्स्ट्रा फील्ड आणि टिप्पणी असते. एन्क्रिप्शनसाठी यात स्वतंत्र, ठळक असा कप्पा नाही. फाइल एन्क्रिप्ट केलेली आहे हे फ्लॅगच्या (हेडरमधील हो-नाही खुणांच्या) शून्याव्या बिटात असते, पद्धत कोणती हे कॉम्प्रेशनच्या क्रमांकात आणि एक्स्ट्रा फील्डमध्ये असते, सॉल्ट (किल्ली बनवताना पासवर्डसोबत मिसळले जाणारे यादृच्छिक बाइट) किंवा सुरुवातीचे यादृच्छिक बाइट खुद्द डेटाच्या तोंडाशी असतात, आणि पासवर्ड तपासण्याचा एक धागा सीआरसीशी (मूळ मजकुरावरून काढलेल्या चार बाइटांच्या तपासणी-आकड्याशी) किंवा, अनेकांना आश्चर्य वाटेल, फाइलच्या वेळेशी जोडलेला असतो. बहुतेक लायब्ररी प्रोग्रामरच्या हाती नाव, आकार, वेळ आणि पद्धत एवढेच देतात. त्या तुटपुंज्या माहितीवरून नवा हेडर तयार केला की बाकीचे सारे मागे राहते. बाइट हलवणे सोपे आहे. हेडर ‘नव्याने तयार करणे’ इथेच घात होतो.

आधी ९९ क्रमांकाचे लक्षण घेऊ, कारण ते सर्वांत सरळ आहे. विनझिपने २००३ मध्ये आणलेल्या एईएस एन्क्रिप्शनमध्ये, जे आज सेव्हन-झिपसह बहुतेक साधने वापरतात, कॉम्प्रेशन पद्धतीच्या जागी खरा क्रमांक न लिहिता ९९ लिहितात. खरा क्रमांक, म्हणजे डिफ्लेट या झिपच्या नेहमीच्या कॉम्प्रेशन पद्धतीसाठी ८ किंवा कॉम्प्रेशनच नसेल तर ०, हेक्समध्ये ९९०१ असा क्रमांक असलेल्या एक्स्ट्रा फील्डमध्ये जातो. या फील्डचा आशय फक्त सात बाइटांचा आहे: दोन बाइट आवृत्तीचे, दोन ‘एई’ या अक्षरांचे, एक किल्लीच्या लांबीचा आणि दोन खऱ्या कॉम्प्रेशन पद्धतीचे. किल्लीच्या लांबीच्या बाइटात १ असेल तर १२८ बिट, २ असेल तर १९२ आणि ३ असेल तर २५६. हे सात बाइट गळाले की वाचणाऱ्या प्रोग्रामला ९९ दिसतो, पण त्याचा अर्थ सांगणारे काही सापडत नाही. येथे एक सावधानता: इन्फो-झिपचा अनझिप ६.० हा एईएस मुळातच उलगडू शकत नाही, आणि फाइल अगदी निर्दोष असली तरी ५.१ आवृत्तीची सुसंगतता लागेल अशी तक्रार करतो. त्या संदेशावरून प्रत चुकली असा निष्कर्ष काढू नये. पडताळणी सेव्हन-झिपने करावी.

ही सात बाइटांची माहिती गळते कशी? माझ्या पाहण्यात सर्वाधिक आलेले कारण झिप-६४ हे आहे. वार्षिक आर्काइव्ह ४ जीबीच्या पुढे गेले की त्यापलीकडच्या फाइलींची जागा सेंट्रल डिरेक्टरीच्या चार बाइटांत मावत नाही, आणि लायब्ररीला हेक्स ०००१ क्रमांकाचे झिप-६४ चे एक्स्ट्रा फील्ड जोडावे लागते. नीट लिहिलेली लायब्ररी जुन्या फील्डांच्या शेजारी ते ठेवते. घाईने लिहिलेली लायब्ररी एक्स्ट्राचा अख्खा भाग पुसून तिथे आपले एकच फील्ड लिहिते. अशा वेळी पहिले ४ जीबी व्यवस्थित आणि पुढच्या सगळ्या फाइली ९९ ची तक्रार करणाऱ्या, असे चित्र दिसते. आपल्या आर्काइव्हमध्ये बिघडलेल्या फाइली शेवटाकडे एकवटल्या असतील तर याच जागी पाहावे.

तिसरे लक्षण, म्हणजे फाइल उघडते पण आत कचरा, हे माझ्या मते सर्वांत धोक्याचे आहे, कारण इथे कोणीही तक्रार करत नाही. एईएस पद्धतीत डेटाच्या शेवटी १० बाइटांचा प्रमाणीकरण संकेत असतो आणि त्यामुळे काही बदलले तर लगेच पकडले जाईल असा समज असतो. तो संकेत फक्त एन्क्रिप्ट झालेल्या बाइटांची ग्वाही देतो. फाइलचे नाव, तिची वेळ, आकार, आणि ९९०१ मधली खरी कॉम्प्रेशन पद्धत यांपैकी कशाचीही तो ग्वाही देत नाही. तादायोशी कोनो यांनी २००४ मध्ये विनझिपच्या पद्धतीतील उणिवा दाखवल्या, त्यांपैकी ही एक होती. हल्लेखोराने मुद्दाम केलेला बदल आणि लायब्ररीने नकळत केलेला बदल यांत प्रमाणीकरण संकेताला फरक करता येत नाही. दोन्ही त्याच्या नजरेबाहेर आहेत. समजा, मूळ फाइल डिफ्लेट केलेली होती आणि प्रत करणाऱ्या कोडने ‘मी काही कॉम्प्रेस करत नाही’ म्हणून ९९०१ मध्ये ८ च्या जागी ० लिहिला. पासवर्ड बरोबर ठरतो, संकेत बरोबर ठरतो, आणि वापरकर्त्याच्या हाती उलगडलेल्या मजकुराऐवजी डिफ्लेटचे कच्चे बाइट पडतात.

अशी चूक सीआरसीने पकडली जायला हवी, आणि एई-१ या आवृत्तीत ती पकडली जाते, कारण तीत मूळ मजकुराचा सीआरसी हेडरमध्ये लिहिलेला असतो. एई-२ मध्ये सीआरसीच्या जागी मुद्दाम शून्य ठेवतात. कारण योग्य आहे: सीआरसी एन्क्रिप्ट होत नाही, तो कोणालाही वाचता येतो, आणि चार बाइटांच्या फाइलीत त्यावरून आतला मजकूर थेट काढता येतो. फाइल लहान असेल आणि संभाव्य मजकूर मोजके असतील, जसे की हो किंवा नाही, तर सीआरसीवरूनच आतला मजकूर ओळखता येतो. म्हणून विनझिप फार लहान फाइलींसाठी एई-२ आणि इतरांसाठी एई-१ वापरते, आणि एकाच आर्काइव्हमध्ये दोन्ही सापडणे स्वाभाविक आहे. प्रत करताना याचा अर्थ असा की शून्य सीआरसी पाहून ‘हा राहून गेला आहे, भरून टाकू’ असे कोडने कदापि करू नये. एई-२ वाचणारे सीआरसीकडे पाहतच नाहीत, त्यामुळे त्याचा उपयोग काही नाही. आणि पासवर्डधारकाने स्वतः चालवलेल्या स्क्रिप्टने तिथे मूळ मजकुराचा सीआरसी भरला, तर जे लपवण्यासाठी एई-२ आणली तेच उघड होते. उलट एई-१ च्या फाइलीत एन्क्रिप्ट झालेल्या बाइटांचा सीआरसी काढून लिहिणारे कोडही मी पाहिले आहे. ती फाइल उलगडल्यावर ‘सीआरसी जुळत नाही’ असा दोष दाखवते, जरी आतला प्रत्येक बाइट बरोबर असला तरी.

आता ‘पासवर्ड चुकीचा’ हे लक्षण. याची दोन मुळे आहेत आणि ती वेगळी ओळखता येतात.

पहिले मूळ एईएसमध्येही आढळते: डेटा जिथून सुरू होतो ती जागाच चुकते. डेटाची सुरुवात शोधायला लोकल हेडरमधील नावाची आणि एक्स्ट्राची लांबी वाचावी लागते. अनेक जण सोय म्हणून सेंट्रल डिरेक्टरीतील लांबी वापरतात, आणि दोन्ही ठिकाणचे एक्स्ट्रा सारखेच असतील असे गृहीत धरतात. ते तसे नसते. इन्फो-झिपने तयार केलेल्या आर्काइव्हमध्ये वेळेचे जे एक्स्ट्रा फील्ड असते, ते लोकल हेडरमध्ये बदलाची आणि वापराची अशा दोन वेळा धरून १३ बाइटांचे असते, तर सेंट्रल डिरेक्टरीत फक्त बदलाची वेळ धरून ९ बाइटांचे असते. चार बाइटांचा हा फरक पडला की कोड डेटा चार बाइट आधीपासून उचलतो. एईएस-२५६ मध्ये डेटाच्या सुरुवातीला १६ बाइटांचा सॉल्ट आणि त्यानंतर पासवर्ड तपासण्याचे दोन बाइट असतात. चार बाइट सरकले की सॉल्टच्या जागी भलतेच काही येते, त्यातून निघालेली किल्ली भलती असते, आणि दोन तपासणी बाइट जुळत नाहीत. शेवटचे चार बाइट कापले गेल्याने प्रमाणीकरण संकेतही अपुरा राहतो. कॉम्प्रेस केलेल्या आकारात सॉल्ट, तपासणी बाइट आणि संकेत हे सगळे मोजलेले असतात, हेही लक्षात ठेवावे: एईएस-१२८ मध्ये ही भर २० बाइटांची, १९२ मध्ये २४ ची आणि २५६ मध्ये २८ ची. काही लायब्ररी वाचताना ही भर वजा करून आतला भाग तेवढा हातात देतात. तो भाग ‘कच्चा डेटा’ समजून हलवला तर सॉल्ट मागेच राहतो, आणि सॉल्टशिवाय पासवर्ड माहीत असूनही किल्ली बनत नाही.

दुसरे मूळ जुन्या झिपक्रिप्टो पद्धतीत आहे आणि ते इतके आडवळणाचे आहे की त्यावर थोडे सविस्तर लिहितो. या पद्धतीत एन्क्रिप्ट झालेल्या डेटाच्या आधी १२ बाइटांचा एक एन्क्रिप्शन हेडर असतो. त्यातले पहिले अकरा बाइट यादृच्छिक असतात आणि बारावा बाइट तपासणीसाठी असतो. उलगडणारा प्रोग्राम पासवर्ड लावून हे १२ बाइट उलगडतो आणि बारावा बाइट सीआरसीच्या सर्वांत वरच्या बाइटाशी जुळतो का ते पाहतो. जुळला नाही की ‘पासवर्ड चुकीचा’. आता आर्काइव्ह तयार करणारा प्रोग्राम जर थेट नेटवर्कवर लिहीत असेल, तर फाइल पूर्ण वाचण्याआधी त्याला सीआरसी ठाऊक नसतो. तो फ्लॅगचा तिसरा बिट, शून्यापासून मोजता, चालू करतो, आणि सीआरसी व आकार डेटाच्या मागून ‘डेटा डिस्क्रिप्टर’ म्हणून लिहितो. पण एन्क्रिप्शन हेडर तर आधीच लिहायचा असतो, त्यामुळे तपासणीच्या बाइटासाठी सीआरसी उपलब्ध नसतो. म्हणून तिसरा बिट चालू असेल तेव्हा सीआरसीऐवजी फाइलच्या डॉस वेळेचा वरचा बाइट वापरायचा, असा प्रघात आहे. इन्फो-झिपचा अनझिप आणि पायथनचे झिपफाइल मॉड्यूल, दोन्ही असेच वागतात.

प्रत करताना काय होते पाहा. मूळ आर्काइव्हची सेंट्रल डिरेक्टरी वाचल्यावर आकार आणि सीआरसी आता माहीत असतात. लायब्ररीला वाटते की मागून डिस्क्रिप्टर लिहिण्याची गरज उरली नाही. ती आकार लोकल हेडरमध्ये भरते आणि तिसरा बिट बंद करते. एन्क्रिप्ट न केलेल्या फाइलीसाठी हे पूर्णपणे वैध आहे, किंबहुना स्वच्छ काम आहे. एईएससाठीही त्याने उलगडण्यात फरक पडत नाही. झिपक्रिप्टोसाठी मात्र त्या एका बिटाने पासवर्ड तपासण्याचा नियम बदलतो. बारावा बाइट वेळेवरून घेतलेला आहे आणि उलगडणारा तो सीआरसीशी ताडून पाहतो. डेटाचा एकही बाइट हललेला नसतो, पासवर्ड बरोबर असतो, आणि तरीही दार उघडत नाही. साधारण २५६ मध्ये एखादी फाइल योगायोगाने जुळून जाते आणि व्यवस्थित उघडते. म्हणून एकदोन फाइली उघडून पाहून ‘प्रत बरोबर झाली’ म्हणणे इथे फसवे आहे.

बिट जसाच्या तसा ठेवला पण वेळ बदलली, तरी हाच परिणाम होतो. डॉस वेळेत तास पाच बिटांत, मिनिटे सहा बिटांत आणि सेकंद दोनच्या पटीत पाच बिटांत असतात. वरच्या बाइटात तासाचे पाच आणि मिनिटांचे वरचे तीन बिट येतात. दुपारच्या १४:३७ साठी हा बाइट ११६ येतो. डॉस वेळेला कोणताही टाइमझोन नसतो. घड्याळात जे दिसत होते ते लिहिलेले असते. एखादी लायब्ररी ही वेळ जागतिक प्रमाणवेळ समजून वाचते आणि नव्या आर्काइव्हमध्ये लिहिताना भारतीय प्रमाणवेळेत बदलते. साडेपाच तास पुढे गेल्यावर १४:३७ चे २०:०७ होतात, वरचा बाइट १६० होतो, आणि पासवर्ड चुकीचा ठरतो. हीच स्क्रिप्ट लंडनमध्ये हिवाळ्यात चालवली असती तर काही बिघडले नसते. आपल्याकडे विकसकाच्या यंत्रावर सगळे नीट चालते आणि सर्व्हरवर चालत नाही, किंवा उलट, असे अनुभव येतात त्यांतले काही याच मुळाचे असतात, कारण सर्व्हरची घड्याळे सहसा जागतिक वेळेवर ठेवलेली असतात.

तेव्हा प्रत करण्याचा नियम असा ठेवावा की एन्क्रिप्ट केलेल्या फाइलीच्या बाबतीत काहीही ‘सुधारायचे’ नाही. फ्लॅग मूळ तसेच, पद्धत मूळ तशीच, वेळ बाइटांच्या रूपातच उचललेली, सीआरसी मूळ तसाच मग तो शून्य का असेना, दोन्ही ठिकाणचे एक्स्ट्रा फील्ड आपापल्या जागचे, आणि आपल्याला ओळखू न येणारी फील्डेही तशीच. तिसरा बिट चालू असेल तर डेटामागे डिस्क्रिप्टरही लिहायचा. बदलायच्या गोष्टी मोजक्या आहेत: सेंट्रल डिरेक्टरीत लोकल हेडरची नवी जागा, गरज पडल्यास झिप-६४ चे फील्ड, आणि शेवटच्या नोंदीतील एकूण संख्या व आकार. नाव बदलावे लागले, आणि बारा महिन्यांच्या फाइली एकत्र करताना ते लागतेच कारण नावे एकसारखी असतात, तर फ्लॅगचा ११ वा बिट तपासावा. नाव यूटीएफ-८ मध्ये आहे हे तो सांगतो. देवनागरी नावे असलेल्या आर्काइव्हमध्ये तो हरवला की नावांच्या जागी चौकोन आणि भलतीच चिन्हे दिसतात. हेक्स ७०७५ क्रमांकाचे यूनिकोड नावाचे फील्ड असेल तर त्यात जुन्या नावाचा सीआरसी असतो, तोही नव्याने काढून लिहावा लागतो. झिपच्या या दोन्ही एन्क्रिप्शन पद्धतींत नाव बदलल्याने उलगडण्यावर परिणाम होत नाही, कारण नाव किल्लीतही नाही आणि प्रमाणीकरणातही नाही.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एन्क्रिप्शनची माहिती ‘जपायची’ म्हणून जुना सॉल्ट काढून नव्या मजकुराला लावणारे कोड लिहिले गेल्याचे मी पाहिले आहे. झिपच्या एईएसमध्ये किल्ली पासवर्ड आणि सॉल्ट यांतून, पीबीकेडीएफ-२ या किल्ली काढण्याच्या पद्धतीच्या १००० फेऱ्या करून निघते, आणि एन्क्रिप्ट करताना लागणारी मोजणी (काउंटर) प्रत्येक फाइलीसाठी १ पासून सुरू होते. पासवर्ड तोच आणि सॉल्टही तोच राहिला की दोन वेगळ्या मजकुरांवर एकच बाइटमाला चढते, आणि ज्याच्याकडे दोन्ही फाइली आहेत तो पासवर्डशिवाय एकावरून दुसऱ्याचा अदमास काढू शकतो. तीच फाइल जशीच्या तशी दोन आर्काइव्हमध्ये असणे निर्धोक आहे. सॉल्ट आणि त्याचा डेटा एकत्रच हलला पाहिजे, सुटा नाही.

साधनांबद्दल. लहान कामासाठी इन्फो-झिपचा झिप ३.० पुरेसा असतो. त्यात ‘कॉपी’ आणि ‘आउट’ हे पर्याय एकत्र वापरून एका आर्काइव्हमधील निवडक फाइली दुसऱ्यात न उलगडता नेता येतात. गो भाषेच्या प्रमाणित झिप पॅकेजमध्ये १.१७ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, कच्चे बाइट वाचण्याची आणि लिहिण्याची स्वतंत्र सोय आहे, मात्र ती एक्स्ट्रा फील्ड सेंट्रल डिरेक्टरीतले घेते. ९९०१ दोन्हीकडे असल्याने त्याने एन्क्रिप्शन बिघडत नाही. जावामध्ये भाषेसोबत येणारे झिपचे वर्ग एन्क्रिप्ट केलेली फाइल नाकारतात; तिथे अपाचेच्या कॉमन्स कम्प्रेसमधील कच्च्या नोंदी हलवण्याची सोय वापरावी. पायथनच्या झिपफाइलमध्ये अशी सोय नाही. त्यातून प्रत्येक फाइलीच्या लोकल हेडरची जागा मिळते. पुढचे वाचन आणि लेखन स्वतः करावे लागते, आणि आपण सांगितलेल्या चुका बहुतेक अशाच हाती लिहिलेल्या कोडमध्ये होतात.

पीकेवेअर या कंपनीची स्ट्राँग एन्क्रिप्शन पद्धत, जिची खूण फ्लॅगचा सहावा बिट आहे, तिच्यात सेंट्रल डिरेक्टरीच एन्क्रिप्ट केलेली असू शकते आणि लोकल हेडरमधील आकडे झाकलेले असतात. अशा आर्काइव्हमधून एकेक फाइल पासवर्डशिवाय हलवू नये, ते आर्काइव्ह अखंड ठेवावे. सेव्हन-झिपच्या स्वतःच्या ७झेड स्वरूपातही अनेक फाइली एकाच गठ्ठ्यात कॉम्प्रेस व एन्क्रिप्ट होतात, त्यामुळे तिथे सुट्या फाइलीची अशी प्रत होत नाही. झिपमधून ७झेड किंवा टारमध्ये जायचे असेल तर उलगडून पुन्हा एन्क्रिप्ट करण्यावाचून मार्ग नाही.

पडताळणीचा मोठा भाग पासवर्डशिवाय होतो, आणि तो प्रत्येक फाइलीसाठी करावा. मूळ आणि नव्या आर्काइव्हमधून फाइलीचे एन्क्रिप्ट झालेले बाइट काढून दोघांचा एसएचए-२५६ (बाइटांवरून काढलेला ठसा) ताडून पाहावा. त्यासोबत फ्लॅग, पद्धत, सीआरसी, डॉस तारीख-वेळेचे चार बाइट आणि ९९०१ चे सात बाइट ताडावेत. हे सारे जुळले तर पासवर्डधारकाला फाइल उघडताना अडचण येण्याचे कारण उरत नाही. डोळ्यांनी पाहायचे असेल तर पर्लसोबत येणारा झिपडिटेल्स हा प्रोग्राम आर्काइव्हमधला प्रत्येक बाइट कशाचा आहे ते सांगतो. एक चांगली आणि एक बिघडलेली फाइल त्यातून काढून दोन याद्या शेजारी ठेवल्या की चूक सहसा लगेच दिसते. सेव्हन-झिपच्या तपशीलवार यादीत ‘मेथड’पुढे झिपक्रिप्टो आहे की एईएस-२५६ आहे, हेही लिहिलेले असते.

जुन्या महिन्यांच्या फाइली झिपक्रिप्टोत असतील, तर प्रत बरोबर झाली म्हणून त्या सुरक्षित झाल्या असे नाही. बिहाम आणि कोचर यांनी १९९४ मध्येच दाखवले की एन्क्रिप्ट होण्याआधीचे, म्हणजे कॉम्प्रेशननंतरचे, मोजकेच बाइट ठाऊक असले तरी पासवर्डशिवाय ही पद्धत फोडता येते. पगारपत्रकासारख्या फाइली कर्मचाऱ्यांनी पुढच्या वेळी उघडल्यावर त्यांच्याकडून एईएसमध्ये नव्याने बंद करून घेणे हे कार्यालयाचे कर्तव्य मानावे. तसेच वार्षिक आर्काइव्हमध्ये शेकडो वेगवेगळे पासवर्ड एकत्र येतात हे वापरणाऱ्यांना आधी सांगावे. अनेक साधने एकदा दिलेला पासवर्ड पुढच्या सर्व फाइलींना लावून पाहतात आणि ढीगभर चुका दाखवतात.

आता दुरुस्ती. ९९०१ गळाले असेल आणि डेटा पूर्ण असेल, तर पासवर्डधारकाच्या मदतीने ते सात बाइट परत लिहिता येतात. सॉल्ट ८, १२ किंवा १६ बाइटांचाच असू शकतो. तिन्ही धरून किल्ली काढावी, त्यापुढचे दोन तपासणी बाइट जुळतात का पाहावे, आणि जुळलेल्या पर्यायाची खात्री शेवटच्या १० बाइटांच्या संकेताने करावी. तो संकेत जुळला की किल्लीची लांबी ठरली. हेडरमध्ये सीआरसी शून्य असेल तर आवृत्ती एई-२, नसेल तर एई-१ धरावी. खरी पद्धत उलगडून पाहून ठरते: डिफ्लेट म्हणून उलगडल्यावर नोंदवलेल्या मूळ आकाराइतके बाइट निघाले तर ८, मुळातच कॉम्प्रेस केलेला आकार मूळ आकारापेक्षा नेमका २०, २४ किंवा २८ ने जास्त असेल तर बहुधा ०. प्रोग्रामने ८ च्या जागी ० लिहिलेल्या फाइलीही याच तपासाने सरळ होतात.

झिपक्रिप्टोत तिसरा बिट बंद झाला असेल तर पासवर्डही लागत नाही. तो बिट लोकल हेडर आणि सेंट्रल डिरेक्टरी, दोन्ही ठिकाणी पुन्हा चालू करावा आणि डेटामागे डिस्क्रिप्टर लिहून पुढच्या नोंदींच्या जागा तेवढ्या सरकवाव्यात. वेळही बदललेली असेल आणि मूळ वेळ कुठेच उरली नसेल, तर पासवर्डधारकाने पहिले १२ बाइट उलगडावेत. बाराव्या बाइटात मूळ तास आणि आठ मिनिटांचा टप्पा सरळ वाचता येतो, आणि त्या टप्प्यातील कोणतीही वेळ हेडरमध्ये लिहिली तरी फाइल उघडते. हा बाइट नव्या वेळेप्रमाणे बदलून टाकण्याचा विचार करू नये. झिपक्रिप्टोच्या किल्ल्या प्रत्येक उलगडलेल्या बाइटाबरोबर पुढे सरकतात, त्यामुळे बारावा बाइट बदलला की त्यापुढचा सगळा डेटा निरर्थक होतो. ज्या फाइलींचा सॉल्ट किंवा हे १२ बाइट मागेच राहिले आणि मूळ आर्काइव्हही नाही, त्यांच्यासाठी बॅकअपमध्ये मूळ महिन्याचे आर्काइव्ह शोधणे एवढाच मार्ग शिल्लक राहतो.